सहीचं पत्र

"काढा ते पत्र," मेईर म्हणाला. "शुक्रवारचा सूर्य मावळायला अजून अर्धा तास आहे. एकदा शब्बाथ बसला की कागदाला हात लावायची सोय नाही."

हासाजी बोर्डासमोर नुसते उभे होते. इस्राएलमधल्या लोद गावी, भारतातून आलेल्या मराठी ज्यूंच्या या सिनेगॉगात काचेचा बोर्ड त्यांनीच लावून घेतला होता, एकाहत्तर साली. किल्ली त्यांच्याकडे असे आणि वर त्यांच्याच वळणदार मराठी अक्षरात नियम होता: ज्याला जे म्हणायचं ते त्याने लिहावं, खाली सही करावी, सहीचं पत्र आठ दिवस कोणी काढणार नाही. पाच वर्षांत तिथे काय काय लागलं. मलिद्यात खजूर घालावा की नाही यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं, प्रार्थना म्हणणाऱ्याच्या आवाजाची तर सालटी निघाली. पण आठ दिवसांच्या आत पत्र म्हणून एक निघालं नव्हतं. याचा हासाजींना भारी तोरा होता, आणि तो ते लपवतही नसत.

आजचं पत्र अबिगेलचं होतं. उजव्या हाताची दोन बोटं कारखान्यातल्या मशीनमध्ये गेली, म्हणून तिने ते डाव्या हाताने लिहिलं होतं. वाकडीतिकडी, ओळ सोडून खाली घसरलेली ती अक्षरं. काम लवकर उरकावं म्हणून फोरमनने मशीनची संरक्षक जाळी काढून ठेवली होती, असं तिने लिहिलं होतं. मग इस्पितळात येऊन त्यानेच तिची एका हिब्रू कागदावर सही घेतली. दवाखान्याचा कागद आहे म्हणाला. तिला हिब्रू वाचता येत नाही. नंतर कळलं, कागदावर होतं, जाळी तिनेच काढली. पत्राचं शेवटचं वाक्य होतं: 'फोरमनला जाळी काढताना एकाने बघितलं आहे, आणि तो आपल्यातलाच आहे.'

फोरमन म्हणजे हाच मेईर. सिनेगॉगच्या कमिटीचा प्रेसिडेंटही तोच.

आणि बघणारा कोण, हे हासाजींना बुधवारपासून ठाऊक होतं. जेवताना त्यांनी पत्रातला मजकूर घरात मराठीतच सांगितला, तेव्हा त्यांच्या मुलाने, त्याच कारखान्यात कामाला असलेल्या यिगालने, हातातला घास खाली ठेवला आणि नेहमीसारखं हिब्रूत उत्तर दिलं, "तो मीच." हासाजी म्हणाले होते, "हे या घराबाहेर जाता कामा नये."

"नियम आहे, मेईर," आता ते म्हणाले.

"नियम तुम्हीच केलात, हासाजीभाऊ. तुम्हीच काढलंत तर कोण विचारतंय?" मेईर हसला. "यिगाल चांगला पोरगा आहे हो. सणांनंतर त्याला पर्मनंट करायचं माझ्या मनात आहे."

बघणारा यिगाल होता हे याला कळलंय, की हा सहज बोलतोय? हासाजींना काही केल्या उमगेना. विचारायची तर सोयच नव्हती. विचारलं की सांगितल्यासारखंच. त्यांनी किल्ली फिरवली, चारही टाचण्या काढल्या आणि कागदाची घडी खिशात घातली. मग रिकाम्या बोर्डाला पुन्हा कुलूप लावलं.

शनिवारी प्रार्थना झाली. ज्यांना मराठी वाचता येत नाही त्यांच्यासाठी हासाजी दर शब्बाथला बोर्ड मोठ्याने वाचून दाखवत. म्हातारी त्सिला सवयीने पुढे येऊन बसली.

"वाचा हो, हासाजी."

"आज काही नाही."

"नाही कसं? परवा तर कागद बघितला मी."

तेवढ्यात बायकांच्या बाजूने अबिगेल आली. पांढरं बँडेज बांधलेला हात छातीशी धरून ती रिकाम्या बोर्डासमोर उभी राहिली आणि बोलू लागली. 'मी अबिगेल, राहणार लोद' इथपासून अक्षर न् अक्षर. जाळी, इस्पितळ, सही. शेवटच्या वाक्यापाशी ती थांबली आणि वळली.

"पुढचं तुम्ही सांगा, हासाजीकाका. पत्र तुमच्याकडे आहे."

मेईर दाराशी उभा होता. हासाजींनी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

"मला आठवत नाही," ते म्हणाले. सिनेगॉगात उभे राहून, शब्बाथच्या दिवशी.

मागच्या बाकावरून यिगाल उठला.

"अनी राईती," तो म्हणाला. मी बघितलं. हिब्रूतले ते दोन शब्द तिथे सगळ्यांना कळत होते, त्सिलालासुद्धा.

मेईर सावकाश त्याच्याकडे वळला. हासाजी घाईघाईने दोघांच्या मध्ये आले.

"त्याला मराठी कळत नाही हो, मेईर," ते म्हणाले. "ही काय बोलली ते त्याला कळलंच नाही."