दोन लेथ

आयुष्यभर लेथवर, म्हणजे धातू कातायच्या मशीनवर, काम केलेले नाना त्यांची नात इराच्या खासगी इंजिनीअरिंग कॉलेजच्या फीसाठी प्लॉट विकायला तयार होते. मात्र त्याआधी तिथले आणि सरकारी कॉलेजचे वर्कशॉप पाहायचे, ही त्यांची अट होती.

खासगी कॉलेजातला लेथ चकाकत होता. नानांनी त्यावरून बोट फिरवले. नवे मशीन कारखान्यातून पाठवताना गंजू नये म्हणून लावलेले ग्रीस बोटाला लागले.

"हा एकदाही चाललेला नाही," ते म्हणाले.

"नाना, कॉलेज बघताय की मशीन विकत घेताय?" इरा वैतागली.

सरकारी कॉलेजच्या भिंतींना पोपडे आले होते. आत जुना लेथ घरघरत होता. त्यावर काम करणारी विद्यार्थिनी इराला पाहून ओरडली, "ए ओढणी! मागे हो, अडकेल!"

इराने ओढणी काढून नानांच्या हातात दिली आणि मशीनजवळ जाऊन म्हणाली, "आता दाखव."