अनोळखी फाइल

ब्राउझरने डाउनलोड मध्येच थांबवलं आणि विचारलं : या फाइलचा प्रकार ओळखता आला नाही. ती तुमच्या कॉम्प्युटरला अपाय करू शकते. ठेवायची की काढून टाकायची?

झेरॉक्सच्या दुकानात ताई एकटीच होती. गिऱ्हाइकांच्या नाना तऱ्हेच्या फायली उघडण्यात तिचा दिवस जायचा, त्यामुळे हे असलं काही तिला नवं नव्हतं. पण ही फाइल धाकट्या भावाच्या घराखालच्या मेडिकलवाल्याने पाठवली होती. त्याचा कॅमेरा थेट जिन्याकडे बघायचा. भावजय सकाळपासून हॉस्पिटलात बेशुद्ध होती, आणि जिन्यावरून तिचा पाय घसरला, असं धाकटा ज्याला त्याला सांगत सुटला होता.

तोच आता दुकानात शिरला. आत येताच त्याने शटर अर्धं खाली ओढलं.

"मेडिकलवाल्यानं काय पाठवलंय तुला?"

"तेच बघतेय."

तो तिच्या खांद्यावरून वाकला. पडद्यावरचं वाचून हसला. "बघ, कॉम्प्युटरच सांगतोय. अपाय होईल म्हणे. काढून टाक."

"पाय घसरला ना तिचा? मग काढून कशाला टाकायची?"

पेन ड्राइव्ह काढायला ताईने उजवा हात खणात घातला, आणि त्याने मांडीचा रेटा देऊन खण धाडकन लावला. बोटं कडाडली. ती किंचाळली. त्याने खण बोटभर उघडला आणि पुन्हा लावला.

"ताई, ऐक माझं. घरातलं घरात राहू दे." आवाज अगदी मायेचा होता.

त्याने माउसकडे हात नेला. जाड वह्यांना पिना मारायचं लोखंडी स्टेपलर टेबलावर पडलं होतं. ताईने ते डाव्या हाताने उचललं आणि सगळा जीव एकवटून त्याच्या कानशिलात हाणलं. तो मशीनवर आदळला, तिथून कागदांच्या गठ्ठ्यांवर घसरला. उठायला गेला, पण पुन्हा खाली बसला.

ताईने खणातून हात सोडवला. डाव्याच हाताने 'ठेवा'वर क्लिक केलं. फाइल उतरली. कशाने उघडू, असं कॉम्प्युटरने विचारलं. तिने ती ओढून व्हिडिओ प्लेअरवर टाकली.

चित्र हललं. धाकटा बायकोला केसांना धरून जिन्यावरून खाली आणत होता. त्याने तिचं डोकं कठड्यावर आपटलं. पुन्हा आपटलं. ती निपचित पडल्यावर त्याने वाकून तिच्या पायातली एक चप्पल काढली, चार पायऱ्या चढला आणि ती तिथे उलटी ठेवली. जराशी तिरकी केली. दोन पावलं मागे येऊन नीट दिसतेय का ते पाहिलं.

खाली बसल्या बसल्या, कानावरचं रक्त तळव्याने पुसत धाकटाही बघत होता.

"आवाज नाहीये त्याला," तो म्हणाला.

ताईने भावजयीच्या जबाबासाठी हॉस्पिटलात थांबलेल्या इन्स्पेक्टरबाईंना फोन लावला.

"बाई, फाइल उघडली. सगळं स्वच्छ दिसतंय. आवाज तेवढा नाही." तिने आपल्या वाकड्या झालेल्या बोटांकडे पाहिलं. "त्याचा आवाज कसा असतो, ते मी सांगेन."