आईचं गाव

आई गेल्यावर पेंटर तिची पेटी आवरायला बसला, तेव्हा तिच्या जन्माचा दाखला हाती लागला. त्यावर गाव होतं सीमेपलीकडचं. पंचविशीत तो चळवळीत होता. सीमेपलीकडून आलेल्या टेलरमास्तरांच्या भिंतीवर ‘परक्यांनो, चालते व्हा’ हे त्यानंच रंगवलं होतं. घरी येऊन आईला मोठ्या अभिमानानं सांगितलंही होतं. पुढे त्या घोषणांवरचं त्याचं मन उडालं, पण मास्तरांची पायरी चढायचा धीर काही झाला नाही.

आज तो दाखला घेऊनच गेला. म्हातारे मास्तर सदऱ्याला काजं करत बसले होते.

“मास्तर, तुमच्या भिंतीवर ते मी लिहिलं होतं.”

“माहीत आहे. इतकं वळणदार अक्षर दुसऱ्या कुणाचं असणार?”

पेंटरनं मान खाली घालून दाखला पुढे केला. मास्तरांनी तो वाचला आणि जपून घडी घातली.

“हेही माहीत आहे. दुसऱ्या दिवशी तुझी आई बादली घेऊन आली. भिंत घासता घासता माझ्याशी आमच्या भाषेत बोलली.”

“मला कधीच काही बोलली नाही.”

“मी म्हटलं होतं, सांगून टाका. तर म्हणाली, आईसाठी बदलला तर काय बदलला?” मास्तरांनी त्याच्याकडे स्टूल सरकवलं. “आणि तू चळवळ सोडलीस, त्या दिवशी ती इथंच येऊन पोटभर हसली होती.”