झाकणाचा पत्रा

वामनरावांनी पत्र्यावर हातोडी मारली आणि कान खाली नेला. आवाज भद्द आला. म्हणजे आत पापुद्रा सुटलेला. वरून कितीही गुळगुळीत दिसला, तरी असा पत्रा पाण्याच्या दाबाखाली फाटतो.

"हाही नाई चालत?" नीलाबाईनं विचारलं.

"नाई बाई. साठ फूट पानी राहीन वर."

चामोर्शीच्या बाजारामागे नीलाबाईचं भंगाराचं दुकान होतं. गेले सहा महिने वामनराव दर रविवारी तिथे येत. एका माणसापुरती पाणबुडी बांधायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. साठीला टेकलेल्या माणसाला हे कसलं खूळ, म्हणून गावानं आधी हसून घेतलं. कारण कळल्यावर गाव गप्प झालं. पाच वर्षांपूर्वी तेंदूपत्त्याची पोती नेणारा लोखंडी तराफा धरणात बुडाला, आणि त्याच्याबरोबर तो चालवणारा कोलू, नीलाबाईचा नवरा. प्रेत सापडलं नाही. त्याच्या हातातलं चांदीचं कडं वर आणून देतो, म्हणजे निदान त्या कड्याची तरी माती करता येईल, असं वामनराव म्हणाले होते.

पुढच्या उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी धरण रिकामं होणारच होतं. तोवर थांबा, असं तलाठ्यानं सुचवलं. बाईला आणखी ताटकळत ठेवणं बरं नाही, म्हणून वामनरावांनी ते ऐकलं नाही.

लोखंडाच्या बाबतीत ते भारी चोखंदळ. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं लोखंड त्यांनी पहिल्याच दिवशी नाकारलं. फार कडक लोखंड वेल्डिंगजवळ तडकतं. जुन्या बॉयलरचा तीन सूत जाडीचा पत्रा मात्र त्यांच्या पसंतीचा. तो कानसेनं घासायचा, हातोडीनं वाजवायचा, आणि स्वच्छ घणघणला की कोपऱ्यात पंच ठोकायचा. एक चांदणी, खाली चौदा हा अंक. कारखान्यात नोकरीला असताना पत्रे तपासून पास करायचे, तेव्हाची ही त्यांची खूण. हाताला लागलेली सवय काही सुटत नव्हती. नीलाबाईला अक्षरओळख नव्हती. ती नुसतं खुणेवरून बोट फिरवायची आणि पत्रा बैलगाडीत चढवून द्यायची. वजनसुद्धा करू द्यायची नाही.

वामनरावांना लाज वाटे. ती चहाची कपबशी पुढे करी, तेव्हा ते तिच्याकडे बघत नसत. गावात कुणी देवमाणूस म्हटलं की त्यांची मान आणखीच खाली जाई. असं फुकटचं लोखंड नेताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई, तरी पुढच्या रविवारी ते हजर असत.

एकदा नीलाबाई त्यांच्या अंगणात पाणबुडी बघायला आली होती. पुढे बसवलेला लोखंडी आकडा बघून, कड्यासाठी एवढा मोठा कायले, असं तिनं विचारलं. गाळ लई आहे खाली, एवढं म्हणून वामनराव रॉकेल आणि खडू घेऊन सांधे तपासायला लागले.

आता फक्त झाकणाचा पत्रा राहिला होता. आज सगळा ढीग उलथून झाला, तरी एकही मनासारखा वाजला नाही. वामनराव घाम पुसत खाली बसले.

नीलाबाई आत गेली. येताना तिनं गोणपाटात गुंडाळलेला हातभर रुंद पत्रा आणला. त्याची एक कड फाटली होती आणि अंगावर गाळ वाळला होता.

"हा वाजवून पाहा."

त्यांनी हातोडी मारली. भद्द.

"हाही खराबच आहे, बाई."

"मले माहीत आहे. मांगच्या वर्षी धरनात, तराफा बुडाला त्या जागी, ढिवराईच्या जाळ्यात आलता. मी ठेवून देला."

तिनं पत्रा उलटा केला आणि कोपरा पदरानं पुसला. तिथे एक चांदणी होती, खाली चौदा.

"आता पान्यात उतराची गरज नाई, भाऊ," ती म्हणाली. "तुमाले हाच पाह्यजे होता ना?"