पेटीतला राजा

चाम लोकांच्या काते सणाची सकाळ होती. टेकडीवरच्या विटांच्या देवळात हाली आजी चांदीचा तांब्या घेऊन शिरली. फार पूर्वी पो सारात नावाचा राजा याच देवळात दगडी मूर्ती होऊन बसला आणि 'पाणी घेईन ते माझ्या चाम लेकरांच्याच हातचं' असं बोलून गेला, हे तिने आईकडून ऐकलं होतं. त्याला न्हाऊ घालून वस्त्रं नेसवायचा मान तिच्या घराण्याचा.

आज मात्र गाभाऱ्यात सिमेंटची नक्कल उभी होती. खरा राजा बाहेर अंगणात, खिळे ठोकलेल्या लाकडी पेटीत होता. दुपारी त्याला शहरातल्या संग्रहालयात न्यायचं होतं.

"आजी, नाकडोळे अगदी तसेच आहेत," अधिकारी खान्ह म्हणाला. "घाला आंघोळ. लोक खोळंबलेत."

"घालते की. बघ हं."

तिने अगरू घातलेलं पाणी नकलेच्या डोक्यावर ओतलं. सिमेंट कोरडंच राहिलं. जमिनीवरही थेंब पडला नाही.

बाहेर हमाल ओरडले. पेटीच्या फटींतून पाणी गळत होतं आणि त्याला अगरूचा वास होता.

"दव असेल रे! चढवा ट्रकवर!" खान्ह म्हणाला. पेटीला कुणी हात लावेना.

हाली आजी वस्त्रं घेऊन पेटीसमोर येऊन उभी राहिली.

"उघड," ती म्हणाली.

"आजी, मला वरून हुकूम आहे. नाही उघडता येणार."

"तुला कोण सांगतंय?"

तिने पेटीवरची नजर काढली नाही. लाकडातून पहिला खिळा करकरत वर आला.