ठराव बँड बंद करण्याचा

“वाचून रडू आलं,” अबीलिओ म्हणाला. “पण देओलिंदा, तुला आमच्याकडून हवंय काय, ते काही कळलं नाही.”

देओलिंदानं कॉफीचा कप खाली ठेवला. गावच्या बँडपथकाची ती चिटणीस. पथक हौशी, पगार कुणालाच नाही. निम्म्याहून जास्त वादक पोटामागे फ्रान्सला, लक्झेंबर्गला गेलेले. त्या सगळ्यांना ती वर्षानुवर्षं ईमेल लिहीत आली होती. कालचीही तशीच लांबलचक. चर्चच्या अंगणातल्या तालमी, भर पावसात चर्चमधल्या माउलीच्या मूर्तीच्या मिरवणुकीपुढे वाजवत ओढ्यापर्यंत गेलेलं पथक, तिच्या नवऱ्यानं, मास्तर अर्मिंदोनं, पोरांना तोंडानं गाऊन शिकवलेल्या चाली. अगदी शेवटी, सगळ्यांची खुशाली विचारण्याआधी, एक ओळ होती. काळ बदलतो, आता काहीतरी ठरवायला हवं.

उत्तरं पुष्कळ आली. किती सुंदर लिहितेस, असं सगळ्यांनीच कळवलं. ठरवलं मात्र कुणीच काही नाही.

“बँड बंद करायचाय,” ती म्हणाली. “पाच-सहा माणसांची कसली मिरवणूक? गेल्या साली लोक हसले.”

“मग तसं लिही ना बाई. मी आयुष्यभर ट्यूबा फुंकला. आडवळणाचं कळत नाही मला.”

घरी येऊन ती लिहायला बसली. बरंच लिहिलं, बरंच खोडलं. उरलं ते एवढंच:

‘या वर्षीच्या मिरवणुकीनंतर बँड बंद करावा, असा प्रस्ताव आहे. वादक उरलेले नाहीत. हो की नाही, ते रविवारपर्यंत कळवा. शेवटचं वाजवायला येणार असाल तर ऑगस्टचा शेवटचा शनिवार, दुपारी चार, चर्चच्या पायऱ्या. पांढरा शर्ट.’

पाठवलं आणि तिला वाटलं, अर्मिंदोला आपण दुसऱ्यांदा पुरलं.

रविवारपर्यंत सगळ्यांची उत्तरं आली. सगळ्यांचं ‘हो’.

त्या शनिवारी ती झांजा घेऊन पायऱ्यांवर लवकरच जाऊन उभी राहिली. चौकात परदेशी नंबरांच्या गाड्या लागायला लागल्या. फ्रान्समधल्या लियोंहून आलेल्या दोघी बहिणी बासऱ्या घेऊन उतरल्या. लक्झेंबर्गहून सेलेश्तिनु आला, क्लॅरिनेटसकट, केस पार पांढरे झालेला. पायऱ्या भरून गेल्या. पहिली चाल सगळ्यांचीच चुकली. मिरवणूक पाणवठ्याच्या वळणावर आली तेव्हा मात्र सूर असा जुळला की खिडक्यांतल्या म्हाताऱ्या बायका डोळे पुसायला लागल्या. देओलिंदाला झांजा नीट दिसत नव्हत्या.

मग अंगणात सार्डिन मासे भाजायला घेतले. सेलेश्तिनुनं तिच्यासमोर वाइनचा पेला ठेवला.

“पुढच्या वर्षी कुठला शनिवार?”

“अरे, बंद करा म्हणून तूच ‘हो’ लिहिलंस ना?”

“तू लिहिलंस, वादक उरले नाहीत. मग मी एकट्यानं ‘नाही’ कशाला म्हणायचं? तुझ्या ईमेल वाचून दर वर्षी वाटायचं, इथे सगळं छान चाललंय, आमच्यावाचून कुणाचं काही अडत नाही. ‘या’ असं तू याआधी कधी लिहिलंच नाहीस, देओलिंदा.”