दादाच्या नावाचं लेबल

“हे लेबल मी चिकटवणार नाही,” शिवांगीने सांगून टाकलं आणि लिफाफा नवऱ्याकडे सरकवला.

शनिवारची दुपार. यतीनचं शॉमबर्गमधलं इन्शुरन्सचं एका खोलीचं ऑफिस बंद होतं, पण आत प्रिंटर सकाळपासून खरखरत होता. त्यांच्या एकुलत्या एका लेकीच्या, अनिकाच्या लग्नाच्या पत्रिका जायच्या होत्या. कॅलिफोर्नियापासून टेक्सासपर्यंतच्या साऱ्या गोतावळ्याचे पत्ते लेबलांवर भराभरा उमटत होते. सोलायचं, चिकटवायचं, स्टॅम्प लावायचा. अमेरिकेत घरोघरी जायला कुणाला वेळ आहे? पण सख्ख्या थोरल्या भावाला पोस्टाने पत्रिका? तीही गाडीने पाऊण तासावर राहणाऱ्या त्र्यंबकदादाला? कुठलाही मराठी माणूस याचा एकच अर्थ लावेल: आलात तर ठीक, न आलात तर त्याहून ठीक.

यतीनला नेमकं तेच सांगायचं होतं.

नागपूरला वडील गेले तेव्हा दादा आधीच इथून तिथे पोचला होता. यतीनचं विमान रखडलं. दादाने वाट पाहिली नाही, अग्नी देऊन मोकळा झाला. यतीन पोचला तेव्हा राख उरली होती. चार माणसांत तो ओरडला, “माझा भाऊही आजच मेला!” तेव्हापासून बोलणं बंद. अलीकडे दादा महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांनाही येईनासा झाला. माझं तोंड नको म्हणूनच येत नाही, असं यतीन सगळ्यांना ऐकवायचा. घराणंच मानी! सुंभ जळाला तरी पीळ जाईल तर शपथ.

“अरे, इथलं तुझं पहिलं वर्ष त्यांच्या बेसमेंटमध्ये गेलं. स्नोमधले बूटसुद्धा त्यांनीच घेऊन दिले होते तुला.”

“शिवांगी, टॉपिक बंद.”

त्याने लेबल स्वतः चिकटवलं. वाकडं बसलं. सोलून सरळ करायला गेला तर फाटलं. मग दुसरं प्रिंट केलं आणि फाटक्यावरच दाबून बसवलं.

घरी जाताना त्यांनी पोस्टाच्या निळ्या पेटीशी गाडी थांबवली. गठ्ठेच्या गठ्ठे आत गेले. एक लिफाफा मात्र यतीनच्या हातून सुटेना. राग होता, अजूनही होताच. पण भावाची इतकी आठवण आली की भर रस्त्यात त्या पेटीला टेकून तो रडला. मग तो गाडीत येऊन बसला. पर्समधून कुंकवाची डबी आणि अक्षतांची पुडी काढून शिवांगीने समोर ठेवली. बाई सकाळीच तयारीने निघाली होती!

दादाच्या बायकोने, वीणावहिनींनी दार उघडलं आणि त्या दाराला धरूनच उभ्या राहिल्या. “भाऊजी, तुम्ही! फोन तरी करायचा आधी, मी सांगितलं असतं...” मग त्यांनी दोघांना आत घेतलं.

दादा सोफ्यावर बसला होता. केवढा वाळला होता! यतीनला बघून तो हसला. “या ना, बसा.”

बसा? जन्मभर ‘यत्या’ म्हणून हाक मारणारा भाऊ अहोजाहो करतोय?  म्हणजे राग जसाच्या तसा आहे. यायलाच नको होतं. तरी त्याने पत्रिकेला कुंकू लावलं, दादाच्या हातावर अक्षता ठेवल्या आणि वाकून नमस्कार केला.

“अनिकाचं लग्न आहे, दादा. तू यायलाच हवंस.”

दादाने अक्षता मुठीत जपून धरल्या. “येणार तर! एवढ्या आगत्याने घरी आलात.” मग तो पुढे झुकला आणि हळूच म्हणाला, “एक काम कराल? माझा धाकटा भाऊ शॉमबर्गला असतो. यतीन नाव त्याचं. त्यालाही असंच घरी जाऊन बोलवा, पोस्टाने पाठवू नका. आणि हे बघा, मी येणार आहे असं सांगू नका हं, नाही तर तो यायचा नाही.”